दाराला लावलेली वीट

आमच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर जिन्याच्या दाराला एक वीट लावलेली असायची. साधी भाजकी वीट, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. ते दार जड आणि आपोआप मिटणारं. कुणी आलं-गेलं की धाडकन आपटायचं आणि दुपारी झोपलेली मुलं दचकून उठायची. शिवाय उघडं असलं की पॅसेजमध्ये छान वारा खेळायचा. म्हणून कुणीतरी वीट लावली. कुणी, ते आता कुणालाच आठवत नाही. मी अकराव्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद पडली की त्या विटेला वळसा घालून मी शेकडो वेळा वर चढले असेन. या दाराचं काम काय, हा प्रश्न मला सोळा वर्षांत एकदाही पडला नव्हता.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तो पडला. ठाण्यातली आमची सोसायटी चौदा मजल्यांची. घरोघरी फराळाची गडबड चाललेली. नवव्या मजल्यावरच्या एका घरात चकल्या तळताना बेल वाजली, कढई गॅसवर तशीच राहिली आणि तेल पेटलं. त्या बाईंनी घाबरून तांब्याभर पाणी ओतलं. ज्वाळा छतापर्यंत गेली. पंखा, भिंतीवरचे प्लास्टिकचे डबे, खिडकीचा पडदा असं एकेक पेटत गेलं. शेजाऱ्यांनी धावत येऊन आग विझवली, ती स्वयंपाकघराच्या बाहेर पडली नाही.

धूर मात्र पडला. घराच्या दारातून लॉबीत, लॉबीतून त्या उघड्या दारातून जिन्यात आणि जिन्यातून वर. आरडाओरडा ऐकून मी आमचं दार उघडलं, तर डोक्याच्या उंचीवरून काळा धूर आत आला. दाराजवळच्या खुर्चीत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, वॉकरशिवाय चालणं नाही. त्या खोकू लागल्या. मी दार लावलं आणि उभी राहिले. लिफ्टने जायचं की जिन्याने? त्यांना कसं न्यायचं? घरात थांबायचं तर कुठल्या खोलीत? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं.

बंब आला तोवर आग विझली होती. जवानांनी घर तपासलं, मेन स्विच बंद केला, राखेत कुठे धग उरली आहे का ते पाहिलं. खाली उतरताना त्यांच्यातला एक जण नवव्या मजल्याच्या जिन्यापाशी थांबला. पायाने त्याने ती वीट बाजूला सरकवली. दार हळूहळू मिटलं. तो काही बोलला नाही.

ते पेटतं तेल डोळ्यांसमोरून जाईना. तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. का टाकू नये ते माहीत नसतं, म्हणून ऐनवेळी हात तांब्याकडेच जातो. पाणी तेलापेक्षा जड, ते कढईच्या तळाशी जातं. पेटलेलं तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्यात पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर. ती वाफ पेटतं तेल चहूकडे उधळते. करायचं ते इतकंच: हाताला पोळत नसेल तर गॅस बंद करायचा आणि मोठं ताट किंवा परात आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर झाकायची. मग कितीही मोह झाला तरी अर्धा तास झाकण उचलायचं नाही. पेटलेली कढई उचलून मोरीकडे न्यायची तर मुळीच नाही. परात सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात असते. तळण करताना ती हाताशी ठेवायची, एवढंच.

धुराबद्दल मात्र मी अगदीच अडाणी होते. आगीत माणसं भाजून मरतात, असा माझा समज. प्रत्यक्षात बहुतेकदा ती आधी धुराने बेशुद्ध पडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला कळायच्या आत हातपाय गळतात. सोफ्यातला आणि गादीतला फोम जळाला की हायड्रोजन सायनाइडही सुटतो. गरम धूर वर चढतो आणि जिन्याची उभी पोकळी त्याला धुराड्यासारखी ओढून घेते. म्हणून जिन्याची दारं दोन-दोन तास आग अडवू शकतील अशी बनवतात आणि ती आपोआप मिटावीत म्हणून त्यांना वरच्या बाजूला तो लोखंडी हात बसवतात. जिना धुरापासून वाचवणं हेच त्या दाराचं काम, कारण चौदा मजल्यांच्या माणसांना खाली उतरायला तेवढीच वाट असते.

६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत काय झालं ते आठवून पाहा. तळमजला अधिक पाच मजले, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली इमारत. तीनच्या सुमारास पार्किंगमध्ये आग लागली. तिथे गाड्या होत्या, कपड्यांचे ढीग होते. आग खाली होती आणि माणसं वर साखरझोपेत. धूर चढत गेला. किमान सात जण दगावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. आग त्यांच्या घरात लागलेलीच नव्हती. आपल्या घरातला गॅस, आपल्या घरातली वायर सांभाळली की झालं, असं मानणाऱ्या मला या घटनेने मुळापासून हलवलं.

त्याच्या पाच वर्षं आधी, २२ ऑगस्ट २०१८ला, परळच्या हिंदमाताजवळ क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली. चार जण गेले. वरच्या मजल्यांवर धूर कोंडला असताना दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेली गोष्ट घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगितली: सुती कापड ओलं करा, नाकाशी धरा, त्यातून श्वास घ्या. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओलं फडकं काजळी अडवतं, घशाची आग कमी करतं. विषारी वायू ते अडवत नाही, त्यामुळे ते धरून धुरातून दहा मजले उतरायला निघू नये. पण थांबून मदतीची वाट पाहणाऱ्याला ते मोलाची मिनिटं मिळवून देतं. त्या इमारतीत अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती. २२ जानेवारी २०२२ला ताडदेवला भाटिया रुग्णालयाजवळच्या वीस मजली इमारतीत आग लागली, तेव्हाही अधिकाऱ्यांनी तेच सांगितलं: यंत्रणा होती, चालत नव्हती.

आमची चालते का? हे मी सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी फाईल काढून दाखवली, फॉर्म बी होता. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीची, म्हणजे आपली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन तसं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यायचं, तो हा फॉर्म बी. आमचा जुलैचा होता, सही-शिक्क्यासह.

शेजारच्या विंगेत अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना मी म्हटलं, एकदा आपण सगळं बघूया का? ते म्हणाले, "बघायला किती वर्षं मी तयार आहे, ताई. कुणी बोलावलंच नाही." एका रविवारी सकाळी काका, सेक्रेटरी, मी आणि रात्रपाळीचा वॉचमन असे चौघे गच्चीपासून सुरुवात करून खाली उतरत आलो.

गच्चीवर आगीसाठी राखून ठेवलेली पाण्याची टाकी आहे. ती भरलेली होती. पण तिच्यातून उभ्या पाइपात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद. तीन वर्षांपूर्वी सहाव्या मजल्यावर त्या पाइपाला गळती लागली, भिंतीला ओल आली, म्हणून प्लंबरने तो बंद केला होता. भिंत रंगवून झाली, व्हॉल्व्ह तसाच राहिला. चौदाव्या मजल्यावर काकांनी हायड्रंटचं चाक फिरवलं. नुसती हवा फुसफुसली. नियमाने अगदी वरच्या हायड्रंटलाही साडेतीन किलोचा दाब हवा.

लाल पेट्यांच्या काचा चकचकीत होत्या, दर दिवाळीला पुसतात. आतली कॅनव्हासची नळी काकांनी बाहेर ओढली, तर घड्यांच्या रेषेवर ती चिरत गेली. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून होती. नळीच्या टोकाचं पितळी नोझल चार मजल्यांवर नव्हतंच. पितळ भंगारात जातं, हे काकांनी इतक्या सहज सांगितलं की हे त्यांनी किती इमारतींत पाहिलं असेल ते कळलं. भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरांपैकी दोनांचा काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात गेला होता. एका सिलिंडरवर कुणीतरी छत्री अडकवली होती.

बाराव्या मजल्यावर त्यांनी विजेच्या डक्टचं दार उघडलं. आत झाडू, रद्दीचे गठ्ठे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल. त्यामागून इमारतीच्या जाडजूड केबली तळापासून वरपर्यंत गेलेल्या. त्या प्रत्येक स्लॅबमधून जिथे आरपार जातात तिथलं भोक आगरोधक मसाल्याने बुजवलेलं असायला हवं. काकांनी त्यातून टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. दहाव्या मजल्याच्या डक्टमधला केरसुणीचा दांडा मला स्पष्ट दिसला. एखाद्या सांध्यातली वायर ढिली झाली, तापली, ठिणगी रद्दीवर पडली, की त्या भोकांतून आग जिन्यापेक्षा आधी वर पोचणार.

आठव्या मजल्यावरची आसऱ्याची मोकळी जागा, जिला सगळे रेफ्यूज म्हणतात, ठराविक उंचीच्या वरच्या इमारतींना सक्तीची असते. खाली उतरता न येणाऱ्यांनी तिथे मोकळ्या हवेत थांबायचं आणि बंबाच्या शिडीने त्यांना तिथून उतरवायचं, अशी योजना. आमच्याकडे तिथे सात सायकली, एक बंद पडलेला फ्रिज आणि कुणाचा तरी सोफा होता. त्यावर साडी पांघरलेली.

तळाला पंपाची खोली. पॅनेलवरचा खटका ऑटोवर हवा, तो मॅन्युअलवर होता. पाइपातला दाब कमी झाला की छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो. गळतीमुळे आमचा पंप रात्रीतून दहादा सुरू व्हायचा, पहिल्या मजल्यावर आवाज जायचा, तक्रार आली आणि कुणीतरी खटका फिरवला.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. माणूस चांगला आहे, नोकरी सांभाळून फुकट काम करतो. मला त्या दिवशी कुणाचाच राग आला नाही, फक्त वर्षाला दोनदा येऊन न बघता सही करून जाणाऱ्याचा आला. बाकी प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी साधी, रास्त सोय होती. मुलाची झोप, भिंतीची ओल, सायकलीला जागा. त्या विटेसारख्याच या सगळ्या गोष्टी होत्या.

जानेवारीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा इमारतीच्या रंगाचाही विषय होता. दोन्हींना एकदम पैसे नव्हते. "इतकी वर्षं काही झालं नाही," असं कुणीतरी म्हणालंच. एकाने विचारलं, मुंबईत नव्वद मीटरची शिडी आहे ना, मग काळजी कसली? काका म्हणाले, तशी शिडी इथे आली तरी उभी करायची कुठे? गेटपासून लिफ्टपर्यंत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, बंब वळत नाही. तरी चर्चा रंगाकडेच झुकत होती. तेव्हा मागच्या रांगेतून नवव्या मजल्यावरच्या त्या बाई उठल्या. त्यांच्या उजव्या हातावरची कातडी अजून गुलाबी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी मी ओतलं. मला माहीत नव्हतं. पण पॅसेजमधली नळी सोडायला दोघं धावले होते, तिला पाणीच आलं नाही." ठराव मंजूर झाला. रंग पुढच्या वर्षी.

मार्चअखेर पाइप दुरुस्त झाला, नळ्या-नोझल नवीन आली, डक्टमधली भोकं बुजवली गेली. सगळ्यात जास्त भांडणं रेफ्यूजमधल्या फ्रिजवरून झाली. आता घरात काय करायचं ते शिकायचं होतं. काकांनी विंगेनुसार लोकांना बसवून समजावलं.

वीज हा त्यांचा आवडता विषय. आमच्या इमारतीचं वायरिंग झालं तेव्हा घरात जेमतेम एक एसी असायचा, आता तीन असतात, गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन वेगळे. एसी किंवा गिझर एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही. प्लग हाताला गरम लागत असेल तर तो इशारा आहे. एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा बसवून घेणं म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड दाबणं. विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्रभर दाराशी, म्हणजे बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर चार्जिंगला ठेवायची नाही.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. वास आला तर रेग्युलेटर किंवा कॉक बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, आणि कुठलाही खटका चालूही करायचा नाही, बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर बाहेर जाऊन १९०६ला फोन करायचा. घरात आग विझवायचा लाल सिलिंडर असेल तर पिन ओढून मारा आगीच्या बुडाशी करायचा. सहा किलोचा असला तरी तो जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. पाठ कायम दाराकडे हवी. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पडायचं.

आणि बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं. हे काकांनी इतक्या वेळा सांगितलं की मुलं ते नाचत म्हणू लागली. आग आपल्या घरात असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार बंद करा, अलार्म वाजवा, १०१ किंवा ११२ला फोन करा आणि जिन्याने उतरा. लिफ्ट नाही, वीज गेली की ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि तिच्या पोकळीत धूर भरतो. आग दुसरीकडे असेल तर आधी मुख्य दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गार असेल, जिन्यात धूर नसेल, तर उतरा. धूर असेल तर परत फिरा. गच्चीकडे धावू नका, धूरही तिकडेच निघालेला असतो. दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खोलीत जा, तिचंही दार लावा, खिडकीतून टॉर्च किंवा रंगीत ओढणी हलवा आणि फोनवर मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. बाल्कनीला ग्रिल असेल तर त्यातलं एक दार उघडणारं हवं आणि किल्ली तिथेच खिळ्याला हवी. आमच्या ग्रिलला दार होतं. कुलपाची किल्ली शोधायला मला चार दिवस लागले.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी दार लावलं ते नकळत बरोबर केलं होतं. पुढचं काहीच केलं नव्हतं.

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. काकांनी त्याच आठवड्यातला रविवार सरावासाठी धरला. सुरुवातीला ते फार थोडं बोलले. ९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, त्यांचे उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी गेले, एवढं सांगताना त्यांचा आवाज बदलला.

अलार्म वाजला. सासूबाईंना उतरवायला चार जण नेमले होते, दोन मुलं दहाव्या मजल्यावरची. हातांची प्लास्टिकची खुर्ची घेतली, पदर नीट खोचून त्यांना बसवलं, कमरेला ओढणी बांधली. एक मागून पाठ धरून, एक पुढून पाय धरून, वळणावर दोघे आधाराला. नवव्या मजल्यावर खुर्चीचा पाय कठड्याला अडला. पुढच्या वेळी कुठे वळायचं ते कळलं. खाली पोचायला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी, जूनमध्ये, सात. अशी सहा माणसं आमच्या इमारतीत आहेत, ज्यांना न्यावं लागेल. त्यांची नावं आणि मजले आता वॉचमनच्या केबिनमध्ये आतल्या बाजूने चिकटवले आहेत.

सराव संपल्यावर काका वॉचमनला घेऊन पंपाच्या खोलीत गेले. आग रात्री तीनला लागली तर आधी जागा असणारा तोच. २२ ऑक्टोबर २०२१ला करी रोडच्या अविघ्न पार्कच्या एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली तेव्हा वर गेलेला तीस वर्षांचा सुरक्षारक्षक बाल्कनीला लटकला आणि खाली पडून गेला. आपण या माणसांना गेट उघडायला शिकवतो. काकांनी आमच्या वॉचमनला खटका, व्हॉल्व्ह, दाबाचा काटा दाखवला, फोनवर पत्ता कसा सांगायचा ते चार वेळा म्हणवून घेतलं, आणि धुरात वर जायचं नाही हे बजावलं. त्याने सगळं एका वहीत लिहून घेतलं.

तीच वही तो आता रोज भरतो. परवा बाजारातून येताना मी केबिनपाशी थांबले, तेव्हा ती उघडीच होती. जौनपूरकडच्या त्याच्या टपोऱ्या अक्षरात आदल्या रात्रीची नोंद होती: "रात १० बजे. पंप ऑटो पर. प्रेशर ८. डक्ट साफ. नौवें माले का दरवाजा बंद."